‘एवढंच होतं?’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिल्डेड केबलच्या, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवायला तारांभोवती धातूचं आवरण (शिल्ड) असलेल्या केबलच्या, रचनेवरून चाललेल्या पेटंट-अपिलाची बातमी वाचली. जुनी दोन पेटंटं शेजारी ठेवली की ही केबल कुणालाही सुचली असती, मग तिला पेटंट कशाला, असा आक्षेप. हा ‘कुणीही’ म्हणजे कायद्याच्या हिशेबात त्या धंद्यातला जाणता माणूस. मी मिरकरवाड्याला बोटींवर फिश फाइंडर (पाण्यातली मासळी पडद्यावर दाखवणारं यंत्र), वायरलेस बसवतो, म्हणून चार ओळी लिहितोय.

गेल्या मोसमात एका तांडेलाची (बोटीच्या प्रमुखाची) तक्रार आली. पडद्यावर मासळीच मासळी, जाळ्यात काही नाही. इंजिनाचा वेग वाढवला की पडद्यावरची मासळीही वाढायची! पाहतो तर ट्रान्सड्युसरची (पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाची) केबल इंजिनावर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या वायरीलाच बांधून नेलेली. सोलली, तर तांब्याची जाळी हिरवी पडलेली आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलचा पांढरा भुगा. खाऱ्या हवेने शिल्ड खाल्लं होतं, म्हणून अल्टरनेटरचा गोंगाट केबलमध्ये शिरून पडद्यावर मासळीसारखा दिसत होता. नवी केबल लांबून ओढली, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलं, पडदा स्वच्छ. तांडेल म्हणाला, ‘‘एवढंच होतं?’’ शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला होता, ते त्याला कोण सांगणार!

माझ्या या कामाला पेटंट नको, मिळणारही नाही. माहितीतल्याच वस्तू नुसत्या इकडच्या तिकडे मांडणं म्हणजे शोध नव्हे, असं आपल्या १९७०च्या कायद्यातच आहे. भांडी लेथवर पकडण्याच्या एका युक्तीचं पेटंट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली याच धर्तीवर रद्द ठरवलं. ते बरंच झालं. नाहीतर प्रत्येक जुगाडाला वीस वर्षं कुलूप लागेल.

पण फॉइल जुनी, जाळी जुनी, ड्रेन वायर (शिल्डला लागून असलेली, अर्थ करायची उघडी तार) जुनी, म्हणून केबलही जुनीच, हे मला पटत नाही. उत्तर समोर नसताना हेच तुकडे असेच जोडावेत असं जाणत्याला का वाटलं असतं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ॲक्सिलरेटर पेडलच्या खटल्यात पेटंट उडवलं खरं, पण हे ‘का’ स्पष्ट मांडा, असंही बजावलं. बातमीत नेमकं तेच नाही. कोण जिंकतंय एवढंच आहे.

पुढच्या वेळी केबलचा आडवा छेद छापा. तारा कशा ठेवल्यात, फॉइल कुठे चिकटलीय ते दिसलं, तर आमच्या जेटीवरचे चार वायरमनही सांगतील, हे त्यांना सुचलं असतं की नाही.

आपला,
एक वायरमन, मिरकरवाडा, रत्नागिरी