फ्रान्समधल्या मार्सेच्या (मार्सेलिसच्या) जुन्या बंदराची भेट : रविवार, ५ जुलै

सर्व सभासदांना नमस्कार,

रविवारी सकाळी ठीक ९ वाजता मेट्रो १ च्या व्ह्यू-पोर (म्हणजे जुनं बंदर) स्थानकाबाहेर, धक्क्यावरच्या आरशाच्या छताखाली जमायचं आहे. मान वर केलीत की आपण उलटे दिसतो, त्यामुळे जागा चुकणार नाही. कृपया उशीर करू नका. समोरच कोळ्यांची मासळी लागते आणि ती पाहण्याची मजा सकाळीच.

इ.स.पू. ६०० च्या सुमारास फोकाया गावच्या ग्रीकांनी याच खाडीत वस्ती केली. तेव्हापासून इथे गलबतं लागत आली आहेत. बंदराच्या मुखाशी दोन किल्ले आहेत. त्यातला सेंट निकोलस चौदाव्या लुईने बांधवला, आणि त्याच्या तोफा समुद्राइतक्याच शहरावरही रोखलेल्या होत्या. हे तिथे उभं राहूनच समजून घ्यावं, म्हणून तिथे घाई करणार नाही.

सावरकरांनी उडी मारली ती इथेच का, असं अनेकांनी विचारलंय म्हणून : सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीतून उडी मारली ती याच शहरात. पण मोठ्या आगबोटी तेव्हा उत्तरेकडच्या नव्या गोदीत लागत. दुपारी तिकडेही जाऊ.

- नाव शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा.
- टोपी, पाणी, न घसरणारे बूट आणा.
- मुलांचा हात सोडू नका; धक्क्याला सगळीकडे कठडा नाही.
- बांधलेल्या होड्यांवर पाय ठेवू नका, त्या खासगी आहेत.
- कोळ्यांचे फोटो विचारूनच काढा.