गिरगावात माणसंही राहतात!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं जुन्या गिरगावच्या फोटोंचं पान पाहिलं. छपाई छान होती, हे आधीच सांगून टाकतो.

सात फोटो आणि एकातही माणूस नाही! ठाकुरद्वारच्या चाळीचा जिना एवढा मोकळा मिळायला तुमचे छायाचित्रकार पहाटे किती वाजता उठले असतील, याचंच कौतुक वाटलं. त्यात सामाईक गॅलरीच्या तीनमजली चाळीखाली ‘खोताच्या वाडीतील बंगला’ अशी ओळ. अहो, खोताच्या वाडीतल्या त्या लाकडी बंगल्यांना जिना बाहेरून असतो. वर्षानुवर्षं तिथे फोटोवाल्यांची रीघ लागते, आणि तुमच्याकडे एवढंही कुणाला ठाऊक नसावं?

आमच्या घरातलीच एक गोष्ट सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी संक्रांतीनंतरच्या एका दुपारी असाच एक तरुण गळ्यात कॅमेरा अडकवून आमच्या चाळीत आला. आई गॅलरीत कठड्याला टेकून उभी होती. “आजी, इकडे बघू नका,” म्हणाला. फोटो काढले, प्रत पाठवतो म्हणून पत्ता लिहून घेतला, आईने दिलेली तिळाची वडीही खाल्ली. प्रत काही आली नाही. पुढे एका प्रदर्शनात आई भिंतीवर टांगलेली भेटली. खाली नाव: ‘एकाकीपण’. एकाकी कसली! तिच्यामागे जे लोटलेलं दार दिसतं, त्याच्या आत हळदीकुंकवाला जमलेल्या अकरा बायका वाणाच्या चाळण्यांवरून हुज्जत घालत होत्या. बारावी अजून का आली नाही हे बघायला आई बाहेर आली होती.

याउलट आमच्या नाक्यावरचे स्टुडिओवाले काका. दर अनंत चतुर्दशीला सकाळी येत, नळाजवळच्या त्याच पायरीवर उभे राहत आणि अख्ख्या चाळीचा एक फोटो काढत. मागे पेन्सिलीने साल आणि ओळीने नावं. त्यांतले चौदा फोटो माझ्याकडे आहेत. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आलं, त्यानंतरच्या फोटोंत कौलांवर एकेक अँटेना उगवते. मग लाकडी कठडे जाऊन लोखंडी जाळ्या येतात, शेवटी म्हाडाचे टेकू. पण मी बघत बसतो ती माणसं. पूर्वीच्या फोटोंत पोरं जमिनीवर, म्हातारे खुर्च्यांवर, बाकीचे मागे दाटीवाटीने उभे. शेवटच्या फोटोत सगळ्यांना खुर्च्या पुरल्या आहेत.

तुमच्या छायाचित्रकारांना एवढंच सांगा, की पुढच्या वर्षी त्याच जिन्यात पुन्हा जा, आणि जमल्यास लोक जागे असताना जा. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो थेट गिरगावात येते, त्यामुळे वाट वाकडी होते ही सबबही उरलेली नाही. आणि कुणाला प्रत कबूल केली तर तेवढी पोचवा.

जाता जाता: आमच्याकडे डोंबिवलीत रविवारची पुरवणी सोमवारी पडते, आणि शब्दकोड्याची उत्तरं सोमवारच्याच अंकात असतात. मग कोडं सोडवायचं कधी?

आपला,
एक गिरगावकर (हल्ली मुक्काम डोंबिवली पूर्व)