खुले पत्र: आमच्या वर्गातला गोवा 735 किलोमीटर लांब आहे

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात गेली 23 वर्षे भूगोल शिकवतो. मंत्र्यांना पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. चतुर्थी तोंडावर आलेली, आपल्यामागे शंभर व्याप असणार, म्हणून गप्प बसणार होतो. पण गेल्या आठवड्यात मला मेमो आला. 'शासनाने पुरवलेल्या शैक्षणिक साहित्याची विद्यार्थ्यांसमोर अप्रतिष्ठा केल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.' आज सहावा दिवस. खुलासा वरिष्ठांना देईनच, पण तो फायलीत जाणार आणि फाईल कुठे जाते ते मला 23 वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून हे जरा मोठ्याने.

झाले ते असे. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात व्यासपीठावरून घोषणा झाली की प्रत्येक हायस्कुलाला 'भूगोल कक्ष' मिळणार. दोन मुलांमागे एक स्थलदर्शक नकाशा (टेकड्या, नद्या, वाटा, घरे दाखवणारा), होकायंत्रे, उंचसखलपणाचे मॉडेल. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात मी वाजवल्या, हे कबूल करतो. दोन रविवार खर्चून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातले एक कपाट रिकामे केले, वाळवी झाडली, डांबराच्या गोळ्या टाकल्या. त्यात काय ठेवायचे ते वर्षभर ठरत होते. शेवटी एक टेम्पो आला. ड्रायव्हरने एक गुंडाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सर, हांगा सही करात."

फ्लेक्स होता. गोव्याचा नकाशा, पुरुषभर उंच. डावीकडे अरबी समुद्रात, जिथे खुणांची सूची आणि दिशादर्शक बाण असायला हवे, तिथे एक पुढारी हात जोडून उभे. (नाव घेत नाही. समुद्रात उभ्या असलेल्या माणसाला अधिक पाण्यात ढकलू नये.) त्यांच्या खांद्याखाली काणकोणचा काही भाग गेला आहे. खाली प्रमाण छापले आहे: 1 सेमी = 5 किमी.

तरीही मी तो भिंतीवर लावला. नाही लावला तर तोही मेमो. मग तपासणी आली. साहेबांनी नववीच्या वर्गाला विचारले, गोव्याला समुद्रकिनारा किती? वर्गाने एका सुरात 105 किलोमीटर म्हटले. साहेब खूश. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. हातात लाकडी फूटपट्टी. आदल्या दिवशी मी अंतर मोजायला शिकवले होते, पोरीने ते घरी न नेता फ्लेक्सवर करून बघितले होते. म्हणाली, "सर, पणजी ते मडगाव 40 सेंटीमीटर येता. पांचान गुणले तर 200 किलोमीटर. नकाशो व्हड केला, पूण स्केल तितलोच उरला."

वर्ग हसला. मीही हसलो. तीच माझी अप्रतिष्ठा, महाराज.

आता गणित बघा. मूळ नकाशा ए-4 कागदाचा असणार. त्यावर पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा गोवा साधारण 21 सेंटीमीटर भरतो, म्हणजे 105 किलोमीटर. कुणीतरी तो संगणकावर धरून सातपट ताणला. प्रमाण शब्दांत किंवा अंकांत लिहिलेले असले आणि नकाशा ताणला तर ते खोटे ठरते. फक्त रेषाप्रमाण, म्हणजे ती छोटी पट्टी, नकाशाबरोबर वाढते आणि खरे राहते. ही गोष्ट आम्ही शाळेत शिकवतो. या फ्लेक्सवर 1 सेंटीमीटर म्हणजे खरे तर 714 मीटर. छापलेले प्रमाण मानले तर आपले राज्य 735 किलोमीटर लांब होते आणि 3,702 चौरस किलोमीटरांचे 1,81,398 होतात. कर्नाटक 1,91,791. फ्लेक्स अजून जरासा ताणला तर म्हादई नदीच्या पाण्याच्या तंट्यात आपण कर्नाटकाच्या बरोबरीने बसू. लवादाची गरजच नाही.

साहेबांनी मुलीला विचारले, "तुझे नाव काय, बाळ?" आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, हे नकाशाबिकाशाचे दिवस गेले. आता सगळे मोबाईलवर असते."

असते ना. सत्तरी तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांवर रेंजच नसते, ते सोडा. मोबाईल सांगतो डावीकडे वळा. रस्ता तिथेच का वळला, वाडा सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, न बसता त्याच्या पायथ्याशी का बसला, झर इथेच का फुटली, हे तो सांगत नाही. ते सांगते समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. सड्याच्या माथ्यावर रेषा लांब लांब, कडेला एकदम दाट. जिथे दाट तिथे उतार, उताराच्या पायाशी पाणी, पाण्याजवळ कुळागर (सुपारी-नारळाची बाग), कुळागराशेजारी घरे. अर्धा गोवा या एका वाक्यात येतो. आणि हे वाक्य मुलांना मोबाईल उघडून नाही, कागदावर बोट फिरवून कळते.

मी ते निरफणसाने शिकवतो. श्रावणात घरचा निरफणस अर्धा कापून पालथा ठेवायचा. ती टेकडी. मग आडव्या, सारख्या जाडीच्या चकत्या कापायच्या आणि प्रत्येक चकतीभोवती वर्तमानपत्रावर पेन्सिल फिरवायची, मोठीच्या आत लहान, लहानीच्या आत त्याहून लहान. एका बाजूने निरफणस फुगीर असतो, तिथे रेषा चिकटून येतात. मुले आपणहून ओरडतात, "सर, हांगा कडो आसा!" प्रत्येक चकती म्हणजे 20 मीटर, कारण 1:50,000 च्या नकाशावर दोन समोच्च रेषांत तेवढाच फरक असतो. मग ह्याच चकत्या बायको रवा लावून तळते आणि वर्ग टेकडी खाऊन टाकतो. खर्च शून्य. ह्याला कुठल्या योजनेचे नाव नाही, म्हणून ते अहवालात येत नाही.

आणि खरे नकाशे? ते गुप्त आहेत असे अजून अनेक कचेऱ्यांत मानतात. अहो, 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणाचे नकाशे वेगळे आणि लोकांचे वेगळे करून टाकले. 2017 साली भारतीय सर्वेक्षण विभागाने 'नक्शे' नावाचे पोर्टल काढून स्थलदर्शक नकाशे फुकट उतरवून घ्यायची सोय केली. 2021 च्या फेब्रुवारीत उरलेसुरले निर्बंधही ढिले झाले. आमची डिचोली जुन्या क्रमांकाने 48 ई/14 वर, वाळपई शेजारच्या 48 आय/2 वर. दोन पत्रके जोडली की आमच्या मुलांचे सगळे जग येते. साखळी गावातल्या झेरॉक्सवाल्याने मोठ्या रंगीत प्रतीला 120 रुपये सांगितले. 40 मुलांना 20 प्रती, 2,400 रुपये. फ्लेक्सची रक्कम त्या टेम्पोच्या चलनावर होती. ती लिहीत नाही, दुसऱ्या मेमोला उत्तर द्यायला माझ्याकडे कागद नाही.

पहिल्या पाच प्रती मी माझ्या पैशांनी काढल्या. त्यापूर्वी वीस वर्षे एकच जुने, कापडावर चिकटवलेले पत्रक घेऊन फिरलो. त्यात साळावली धरणाखाली बुडालेले कुर्डी गाव अजून आहे, लाल ठिपक्यांची घरे, देऊळ, पायवाटा. नव्या पत्रकात तिथे निळा रंग. दोन्ही शेजारी ठेवले की नववीचा वर्ग कधी नव्हे तो गप्प होतो. एकदा एका मुलाने विचारले, आमच्या गावची टेकडी नकाशात आहे, मग दिसत का नाही? मी काय सांगणार? खनिजाच्या बार्जेसमधून गेली रे बाबा, रेषा तेवढ्या मागे राहिल्या.

आता माझे थोडे. वरिष्ठ श्रेणीची माझी फाईल चार वर्षे फिरते आहे. तिला होकायंत्र दिले असते तर आतापर्यंत पणजीला पोचली असती. गुडघा गेला आहे. मुलांना घेऊन टेकडीवर जायचे तर सहा परवानग्या, पालकांचे हमीपत्र, आणि कुणाचा पाय मुरगळला तर जबाबदार मी. 2025 पासून तर म्हणायचेच नाही. एप्रिलपासून शाळा भरवायचे ठरले, त्या उन्हात क्षेत्रभेट नेऊन दाखवा. म्हणून बहुतेक शिक्षक नेत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. परीक्षेत येतो तो भारताचा रिकामा आराखडा: दामोदर खोरे शोधा, नाव लिहा. पोरे ठिपके पाठ करतात. नकाशा वाचणे आणि नकाशात ठिपका मारणे यातला फरक प्रश्नपत्रिका काढणाऱ्यालाच नको असेल तर निरफणस तरी किती कापायचे?

गंमत अशी की सरकारला नकाशे लागतात, फक्त वर्गात लागत नाहीत. मतदार यादीच्या कामाला आम्हाला जुंपले की मतदान केंद्राचा नजरी नकाशा आम्हीच काढायचा. जनगणनेला घरे मोजताना गटाचा नकाशा आम्हीच काढायचा. मी ज्या शिक्षकांना ते काढताना पाहिले त्यांतल्या निम्म्यांनी उत्तर दिशा कुठे आहे ते देवळाच्या पुजाऱ्याला विचारून लिहिली. तेही आपल्याच शाळांत शिकलेले. पण नजरी नकाशा चुकला म्हणून कुणाला मेमो आलेला मी ऐकला नाही. चूक दाखवली म्हणून आला.

मला हळूहळू वाटायला लागले आहे की हे नुसते दुर्लक्ष नाही, यात कुणाची तरी सोयही आहे. रविवारच्या ग्रामसभेला मी जातो. प्रादेशिक आराखड्याचा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या नकाशाचा, विषय निघाला की सचिव एक प्रिंट दाखवतात. वहीएवढी, प्रमाण नाही, सूची अर्धी कापलेली. हिरवे कुठे संपते आणि पिवळे कुठे सुरू होते ते पहिल्या रांगेलाही दिसत नाही. लोक भांडतात, आवाज चढतात, कुणी खुर्ची उचलतो, पण नकाशा कुणी वाचत नाही. कसा वाचणार, कुणी शिकवलाय? 2007 साली 'प्रादेशिक आराखडा 2011' (म्हणजे 2011 सालापर्यंतचा) लोकांनी मागे घ्यायला लावला, तेव्हा काही जाणकार गावोगाव नकाशे उलगडून बसले होते, म्हणून ते जमले. 2023 साली नगर नियोजन कायद्यात 17(2) कलम आले, आराखड्यातल्या 'अनवधानाने झालेल्या चुका' दुरुस्त करायला. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. अनवधानाची चूक माझ्या वर्गातली मुलगी लाकडी फूटपट्टीने पकडते. तिला तुम्ही शाबासकी देणार की तिच्या मास्तराला मेमो, त्यावरून पुढची ग्रामसभा कशी होणार ते ठरते.

आणि किनाऱ्याचे राहिलेच. साहेब ज्या 105 वर खूश झाले ना, तो आकडाही प्रमाणाचाच खेळ आहे. भारताचा किनारा आम्ही 7,516 किलोमीटर शिकवत आलो. केंद्र सरकारने तो नव्याने मोजला तेव्हा 11,098 भरला. समुद्र कुठे सरकला नाही, मोजायचा नकाशा अधिक बारकाव्याचा घेतला, त्यामुळे पूर्वी सुटलेल्या खाड्या, टोके, वळणे मोजणीत आली. दोरा अधिक बारकाव्याच्या नकाशावर ठेवून बघा, लांबी वाढते. 'किनारा किती' याचे खरे उत्तर 'कुठल्या प्रमाणावर, सर?' असे आहे. आमच्या वर्गाने ते दिले असते तर त्या दिवशी मेमो दोन आले असते.

मागणे काय? कपाट अजून रिकामे आहे. त्यात 20 प्रती द्या, आमच्याच तालुक्याच्या, चकचकीत कागद नको. दहावीच्या पेपरात एक तुकडा स्थलदर्शक नकाशाचा छापा आणि त्यावर प्रश्न विचारा: ही नदी कुठल्या दिशेने वाहते, पूल इथेच का, विहीर खणायची तर कुठे. पेपरात आले की शाळांत आपोआप येते, हे आपल्याला माझ्याहून जास्त कळते. बाकी माझा गुडघा आणि माझी फाईल मी बघेन.

राहता राहिला मेमो. फ्लेक्स अजून भिंतीवर आहे. त्या मुलीने '1 सेमी = 5 किमी' वर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने '1 सेमी = 714 मी' असे लिहिले आहे. अक्षर सुबक आहे, आणि तिने पट्टी सहज निघेल अशीच लावली आहे, सरकारी साहित्य खराब होऊ नये म्हणून. पुढच्या तपासणीच्या आधी ती पट्टी काढायची की ठेवायची, एवढे लेखी कळवावे.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक,
डिचोली तालुका