आधी बादली, मग कॅमेरा

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंयत, म्हणून नुसतं ताई. ओळखणारे ओळखतीलच. गच्चीवर निळा ड्रम भरून त्यात कॅमेऱ्याचं रिकामं हाउसिंग, म्हणजे पाण्याखाली फोटो काढायला लागणारी पाणबंद पेटी, बुडवत बसणाऱ्या बाई डोंबिवलीत असून असून किती असणार!

सप्टेंबरात तुमच्याकडे आलो तेव्हा खिशात यादी होती. माझ्या सोनी 6400 चं हाउसिंग, अगदी जवळचं टिपणारी 90 मिमीची मॅक्रो लेन्स, रुंद दृश्य घेणारी 10-18 ची वाइड आणि तिच्यापुढे बसवायला आठ इंची डोम, म्हणजे फुगीर काच. दुकानदाराने दिलेलं कोटेशन कॅमेऱ्याच्या किमतीच्या चौपट, वर "सर, एकदाच घ्या, चांगलं घ्या" हा आशीर्वाद फुकट. तुम्ही यादी वाचली, चष्मा काढलात आणि एवढंच विचारलंत, "डाइव्ह कुठे करणार?" म्हटलं, मालवणला. अंदमान कधी जमलं तर. "मग ही यादी अंदमानची आहे. मालवणची कर."

तेव्हा खरं तर राग आला होता. आज कबूल करतो.

मग तुम्ही न्हाणीघरातून बादली आणलीत, तळाशी रुपयाचं नाणं टाकलंत आणि मला वरून बघायला लावलंत. नाणं वर उचलल्यासारखं दिसत होतं. "सपाट काचेमागून लेन्सला असंच दिसतं. सगळं जवळ, सगळं मोठं." मॅक्रोला हे वरदानच. पण कॅमेऱ्यासोबत आलेल्या माझ्या 16-50 लेन्सचा हवेतला 83 अंशांचा कोन सपाट पोर्टमागे, म्हणजे हाउसिंगच्या पुढच्या काचेमागे, 60 च्या आसपास येतो, हे तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड करून दाखवलंत. त्या कपट्याचा फोटो काढून ठेवलाय.

डोम घेतला की कोन परत मिळतो, हे मी वाचून आलो होतो. डोमपुढचं पाणी स्वतःच एक लेन्स बनतं, हे मात्र कुठेच नीट कळलं नव्हतं. आठ इंची डोममागच्या कॅमेऱ्याला अख्खा समुद्र, अगदी क्षितिजापर्यंतचा, काचेपासून जेमतेम फूटभर अंतरावर दिसतो. म्हणजे लेन्सला तेवढ्या जवळ फोकस करता आलं पाहिजे, नाहीतर महागडा डोम दिवाणखान्यात शोभेला. वर कोपरे धूसर होतात म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफ 8, एफ 11 पर्यंत आवळायचं, आणि ती हवेने भरलेली वाटी पाण्यात वर वर ओढत राहते ते वेगळंच.

शेवटी माझ्या किट लेन्सवरच तुम्ही शिक्कामोर्तब केलंत. ज्या लेन्सला सगळे नाकं मुरडतात ती! सपाट पोर्ट, त्याला 67 मिमीचा आटा, आणि त्यावर पाण्यातच चढवता-उतरवता येणाऱ्या दोन ओल्या लेन्स: एक वाइड, एक क्लोज-अप. वाइड मी घेतली, क्लोज-अप तुम्ही कपाटातून काढून हातात ठेवलीत.

हाउसिंगसुद्धा तुम्हीच मिळवून दिलंत. ते एकाच मॉडेलला बसतं, त्यामुळे मालकाने कॅमेरा बदलला की त्याला ते डोईजड होतं. तुमच्या ओळखीतल्या अशाच एकांकडून ते निम्म्याहून कमी पैशांत आलं. वाचलेल्या पैशांत फ्लॅश घ्यायला लावलात. का, ते मालवणला कळलं. तांबडा रंग पाण्यात सगळ्यात आधी जातो. "दहा मीटरवर हळद थोडीफार दिसेल, कुंकू काळं पडेल," हे तुमचं वाक्य मी बोटीवर चौघांना तरी ऐकवलं असेल.

आणि ती ओ-रिंग, हाउसिंगची फट बंद करणारी रबरी कडी! आधी स्वच्छ हात, मग बोटाच्या टोकावर ग्रीस, तीही चमक येण्यापुरतीच. तुम्ही खिडकीशी रिंग फिरवत होतात आणि मध्येच थांबलात. मांजराचा एक पांढरा केस. मला तो दिसलाच नव्हता. "दहा मीटरवर हवेच्या दुप्पट दाब असतो. त्याला आत शिरायला एवढी वाट पुरे." मग रिकामं हाउसिंग अर्धा तास ड्रममध्ये, आत टिश्यू पेपर. कोरडा निघाला तेव्हा कुठे चहा मिळाला.

डिसेंबरात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला उतरलो. चारेक मीटरपलीकडे सगळं हिरवं धुकं. पहिल्या दिवशी हौसेने वाइड लावली आणि फ्लॅश सरळ समोर रोखला. फोटोत मासा एक आणि बर्फवृष्टी काश्मीरची! पाण्यातला प्रत्येक कण उजळलेला. रात्री खोलीवर तुमचं बोलणं आठवलं: जवळ जाऊन मधलं पाणी कमी कर, फ्लॅशचा हात बाजूला पसर.

दुसऱ्या दिवशी क्लोज-अप चढवली, झूम 50 वर. लेन्स फिरवून बसवताना मध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा काढायला आधी विसरलो, मग काढला. सात मीटरवर खडकाच्या कपारीत एक नुडिब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय, होती, करंगळीच्या पेराएवढी. जांभळी किनार, पाठीवर पिसांसारखे कल्ले. काच तिच्यापासून वीतभरही लांब नव्हती. एवढ्याशा अंतरात गढूळपणा मावणार किती? त्याच गढूळ पाण्यात फोटो असा आलाय की तिच्या शिंगांवरची वळी मोजता येतात. बोटीवरच्या दादाने स्क्रीन बघून विचारलं, "ह्या आमच्याच पाण्यातला?"

तो फोटो मोठा छापून घेतलाय, सोबत आणतो. तुमची क्लोज-अप लेन्स गोड्या पाण्यात धुऊन, पुसून, डबीत ठेवली आहे. खरं म्हणजे जानेवारीतच परत करायची होती. पण समुद्र मेपर्यंत चालू आहे, तेव्हा शिमग्याला आणखी एक खेप होईपर्यंत ठेवून घेऊ का?

तुमचा,
यादीवाला