बंदी कशाला, खुराडा कोरडा ठेवा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र छापून आलं, की गावाला लागून ज्या नव्या वस्त्या झाल्यात तिथे लोक अजून परसात कोंबड्या पाळतात, वास येतो, माश्या होतात, बर्ड फ्लूची भीती आहे, तर नगरपरिषदेने सरळ बंदी घालावी. मी चिपळूणच्या कडेला राहते आणि घरामागे बावीस कोंबड्या आहेत, त्यामुळे पत्र माझ्यावरच लिहिलंय असं समजून वाचलं. आधी राग आला. मग संध्याकाळी परत वाचलं आणि खरं सांगते, अर्धं पत्र बरोबर आहे. वास येतो, माश्याही होतात. फक्त तो वास कोंबडीचा नसतो हो, ओलीचा असतो, आणि हे कळायला मला दोन पावसाळे आणि अकरा पिल्लं घालवावी लागली.

आमच्या सासूबाईंच्या पाच-सहा कोंबड्या असायच्या. दिवसभर बाहेर हिंडायच्या, रात्री पडवीच्या कोपऱ्यात डालग्याखाली. सासूबाई पहाटे चहाच्या आधी खराट्याने ती जागा झाडायच्या, वर चुलीतली राख भुरभुरवायच्या, झालं. कधी कोणाला वास आला नाही. मग मी योजनेतून पिल्लं घेतली, एकदम पंचवीस, आणि पत्र्याचं खुराडं बांधून घेतलं ५ बाय ६ फुटाचं. आता हिशोब बघा, एका मोठ्या कोंबडीला दीड-दोन चौरस फूट तरी जागा लागते, म्हणजे पंचविसांना ४०-५० फूट, आणि माझं खुराडं ३० फुटाचं. हे मला कोणी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. पिल्लं घेताना ट्रेनिंग होतं, दीड दिवसाचं, प्रोजेक्टर लावून. खाद्य, लस, सबसिडी, मार्केटिंग, एका माणसाने लाखभर कसे कमावले त्याचा व्हिडिओ, सगळं होतं. खुराडं कसं झाडायचं यावर एक ओळ होती, 'स्वच्छता राखावी'. बस. राखते ना, पण कशी?

एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅमच्या वर घाण करते. गावरान थोडी लहान असते आणि दिवसा बाहेर असते म्हणून कमी धरा, तरी वीस-बावीस कोंबड्यांची एका रात्रीची किलोभर सहज होते, आणि ती सगळी कुठे पडते, तर त्या जिथे बसून झोपतात त्या दांडीच्या बरोबर खाली, एकाच पट्ट्यात. त्यात आमचा पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर. पहिल्या पावसाळ्यात झड आत येते म्हणून मी काय केलं, चारी बाजूंनी निळी ताडपत्री गुंडाळली, अगदी घट्ट, मनात म्हटलं आता ऊबदार राहतील. आठ दिवसात आत शिरलं की डोळे चुरचुरायला लागले. तो अमोनिया. ओल्या विष्ठेतून तो तयार होत राहतो आणि बाहेर जायला वाट नसली की आत साठतो, कोंबड्यांचे डोळे आणि छाती त्यानेच बिघडते आणि मग आपण म्हणतो सर्दीची साथ आलीय. आपण दारात उभं राहून वास घेतो ते काही खरं नाही, खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्यायला लागतं. मी आता रोज वाकते, शेजारणी हसतात, हसू देत.

आणि ती अकरा पिल्लं गेली ती रक्ती हगवणीने. महिन्याची होती. पंख पाडून कोपऱ्यात बसायला लागली, विष्ठेत रक्त. गावात सगळे म्हणाले मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग आला, कोणीतरी नजर लागली पण म्हणालं. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं आहे का? ओलंच होतं, चिखल होता नुसता. त्यांनी समजावलं ते असं की या रोगाच्या जंतूची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत, ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसात तयार होतात, मग दुसऱ्या पिल्लाने टोचून खाल्ली की त्याच्या पोटात. म्हणजे ओल काढली तर ती तयारच होत नाहीत. आणि गंमत म्हणजे आपण जी ब्लीचिंग पावडर डोळे मिटून मारतो तिने ती मरत नाहीत. पाण्यातून द्यायचं औषध त्यांनी दिलं, उरलेली वाचली. मानमोडीची लस मात्र वेळेवर द्यायचीच, ती गोष्ट वेगळी, ती झाडून जात नाही.

ब्लीचिंगवरून आठवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा कोंबड्या मी माळ्यावर चढवल्या होत्या, त्या वाचल्या, पण खुराड्यात गुडघाभर गाळ. त्या दिवसात सगळीकडे ब्लीचिंग पावडर मारत होते, मी पण गाळ अर्धवट काढून खालच्या ओल्या विष्ठेवर डबाभर पावडर ओतली आणि पाणी मारलं. पुढची पाच मिनिटं मी परसात खोकत बसले होते, डोळ्यातून धार. नंतर कळलं की क्लोरीन आणि अमोनिया एकत्र आले की विषारी वायू होतो, बंद खोलीत असते तर काही खरं नव्हतं. शिवाय घाणीवर टाकलेली पावडर घाणीतच संपते, जंतूंपर्यंत पोचतच नाही. आधी खरवडायचं, मग धुवायचं, मग कडकडीत सुकू द्यायचं, आणि मग औषध मारायचं असेल तर मारा. हे उलटं करणारे लोक मी आजही बघते, आणि फिनेल ओतून वास झाकणारे तर घरोघरी आहेत.

आता मी काय करते ते सांगते, कारण ते वाचक म्हणतील की बोलणं सोपं आहे. दांडीच्या खाली मी एक फ्लेक्स अंथरलंय, कोणाच्यातरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचं जुनं, रस्त्यात पडलेलं मिळालं. सकाळी ते ओढायचं, खुरप्याने खरवडून घमेल्यात, परत घालायचं. दहा मिनिटं. रात्रीची जवळपास सगळी घाण तूसात मिसळायच्या आधीच बाहेर जाते. बाकी जमिनीवर भाताच्या गिरणीतलं तूस तीन-चार इंच, आठवड्यातून दोनदा खालवर करायचं, पावसात तिनदा. मुठीत घेऊन दाबायचं, लाडू झाला आणि तसाच राहिला तर ओलं आहे, दाबून सोडल्यावर भुगा झाला तर बरोबर. पाण्याच्या भांड्याखाली कायम चिखल व्हायचा, ते भांडं आता कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगलंय, सांडणं निम्म्यावर आलं, आणि तिथलं ओलं तूस दिसलं की त्याच दिवशी काढते. ताडपत्री आता फक्त पावसाच्या बाजूला, आणि पत्र्याच्या खाली वीतभर फट सगळीकडे मोकळी, तिला जाळी ठोकलीय कारण आमच्याकडे मुंगूस आणि ऊदमांजर दोघंही हजेरी लावून जातात.

माश्यांचं पण तेच. माशीच्या अंड्याची माशी व्हायला गरम दमट हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे त्याच्या आत घाण बाहेर गेली आणि सुकली तर ती पिढी तिथेच संपली. महिन्यातून एकदा मोठी सफाई करणाऱ्यांना वाटतं आपण खूप करतो, पण मधल्या तीन आठवड्यात माशीचे दोन संसार उभे राहिलेले असतात.

एक अजून आहे जे कोणीच सांगत नाही, लाल किडे. पिठाच्या कणाएवढे, दिवसा दांडीच्या फटीत आणि खुंटीच्या जोडात लपतात, रात्री बाहेर येऊन कोंबडीचं रक्त पितात. कोंबडी दिवसेंदिवस फिकी पडते, तुरा पांढरट, अंडी बंद, आणि दिवसा तपासलं तर अंगावर काही सापडत नाही. रात्री बॅटरी घेऊन जा, नाहीतर पांढरं फडकं दांडीखालून घासून बघा, लाल रेघ उठली की समजा. माझ्या जुन्या बांबूच्या दांडीत हजारो होते, दांडी जाळली, भेगा चुन्याने भरल्या, आणि डॉक्टरांना विचारून औषध मारलं, एकदा नाही, आठवड्याने परत, कारण अंडी फुटून पुढची फौज येते. आणि कोरड्या राखेचं एक घमेलं कोपऱ्यात कायम, त्या लोळतात त्यात. सासूबाईंच्या राखेला मी आधी नावं ठेवायचे.

बर्ड फ्लूचं म्हणाल तर त्या वाचकांची भीती अगदीच खोटी नाही. २००६ ला नवापूरला देशात पहिल्यांदा आला तेव्हा तो मोठ्या पोल्ट्रीत होता, पण २००८ ला पश्चिम बंगालमधे खेड्यातल्या परसातल्या कोंबड्यांतच पसरला होता. म्हणून खुराड्याच्या चपला वेगळ्या, बाहेर आल्यावर साबणाने हात, खाद्य उघडं टाकून कावळे जमवायचे नाहीत, आणि एकदम तीन-चार पक्षी मेले तर नाल्यात फेकायचे नाहीत, हात न लावता दवाखान्यात कळवायचं. हे नियम नगरपरिषदेने खुशाल लावावेत, किती चौरस फुटात किती कोंबड्या तेही ठरवावं, भिंतीपासून किती लांब तेही. मी पहिली पाळेन. (तीन कोंबड्या मी स्वतःहून कमी केल्या आणि खुराडं पाच फूट वाढवलंय.) पण बंदी घातली तर काय होईल, लोक त्याच कोंबड्या लपवून, पडदे बांधून, अजून कोंदट ठेवतील, आणि वास दुप्पट येईल.

संपादक साहेब, तुमच्या शेतीच्या पानावर दर महिन्याला कोणीतरी कोंबडीतून लखपती झालेला असतो. एकदा मे महिन्यात, पावसाच्या आधी, नुसतं खुराडं झाडण्यावर अर्धं पान द्या ना. आणि पिल्लं वाटणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की दीड दिवसातला एक तास प्रोजेक्टर बंद करा आणि बायकांना कोणाच्यातरी खऱ्या खुराड्यात घेऊन जा, हातात खुरपं द्या. शंभर पिल्लांसोबत एक खुरपं आणि पोतंभर तूस दिलं तरी चालेल.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांना माझ्याकडे यायचं असेल तर जरूर यावं, सकाळी सातच्या सुमारास, फ्लेक्स ओढायची वेळ असते.

आपली,
एक कोंबडीवाली, चिपळूण
(कृपया नाव छापू नये, आमच्या वाडीत सगळे ओळखतातच.)

ता. क. येताना रिकामं पोतं आणावं. खरवडलेलं सगळं मी सुक्या पाल्याबरोबर रचून तीन महिने ठेवते, ताजं घातलं तर मिरचीची रोपं करपतात, माझी एकदा सगळी करपली होती. सध्या एक ढीग तयार आहे, फुकट देईन.