तालीम संपल्यावरची पंधरा मिनिटे

महोदय,

गणेशोत्सवाच्या तालमींना बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळे मनःस्वास्थ्याच्या सत्राची जोड देणार असतील, तर स्वागतच आहे. पण नाटक बसवणे वेगळे आणि नाट्योपचार, म्हणजे अभिनयातून मनावर उपचार करणे, वेगळे. उपचारात टाळ्या घेण्यासारखे काही नसते. प्रेक्षक तर नकोतच.

मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांच्या सायकोड्रामात (स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग गटात अभिनयातून उभा करण्याच्या उपचारपद्धतीत) तीन टप्पे आहेत : अंग-मन सैल करणे, प्रसंग उभा करणे आणि शेवटी गटाने आपापले अनुभव सांगणे. आठ ते बारा जण आणि दीड तास पुरेसा. त्यातला निदान अर्धा तास शेवटच्या टप्प्याला हवा. घाईत नेमका तोच गाळला जातो आणि उकरून काढलेले दुःख घेऊन माणूस घरी जातो. या शेवटच्या टप्प्यात सल्ला देऊ नये, फक्त स्वतःचे सांगावे.

भूमिकांची अदलाबदल (सुनेने सासू होणे) प्रभावी ठरते, मात्र नुकत्याच घडलेल्या मृत्यूवर किंवा अत्याचारावर ती लगेच करू नये. कुणी ‘नको’ म्हटले की विषय संपला. भांडण मराठीत, रडणे कन्नडमध्ये आले तरी टोकू नये.

भूमिकेतून बाहेर पडणे हा विधीच समजावा. ओढणी किंवा टोपी काढून खुर्चीवर ठेवायची, स्वतःचे नाव मोठ्याने घ्यायचे, आज जेवायला काय आहे ते सांगायचे. यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत.

मानसिक आजारासाठी चालू असलेल्या गोळ्या या सत्रांच्या भरवशावर बंद करू नयेत. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे न सोडता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून द्यावे.

– नाट्योपचार क्षेत्रातील कार्यकर्ते, खानापूर