पोस्टरसमोर थांबलेल्या अनोळखी संशोधिकेस

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

हे पत्र जाहीरपणे लिहावे लागते आहे, कारण मला आपले नाव माहीत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन परिषदेच्या दुसऱ्या दिवशी आपण माझ्या पोस्टरसमोर चांगला पाऊण तास उभ्या होतात, आणि तेवढा सगळा वेळ आपल्या गळ्यातले ओळखपत्र उलटे फिरलेले होते. नाव विचारावे हे मला सुचले, ते आपण गर्दीत दिसेनाशा झाल्यावर. मी फोनवर सहकाऱ्याशी बोलत असल्याचे ऐकून आपण मराठीतच विचारले होते, “या पेशी आणल्या कुठून?” म्हणून आभारही मराठीतच मानते आहे.

पोस्टरचे सत्र कसे असते, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. फलकांच्या रांगांमधून लोक चालत असतात, शीर्षक वाचतात आणि पुढे सरकतात. जे थांबतात, त्यांतल्या बहुतेकांना दोन मिनिटांत निष्कर्ष हवा असतो. मीही दोन मिनिटांचे भाषण पाठ करून आले होते. ईजीएफआर हे पेशींना वाढीचा संदेश देणारे प्रथिन रोखणारे औषध दिल्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य पेशी मरतात, पण मूठभर तग धरून राहतात, आणि पुढे त्यांच्यातूनच औषधाला न जुमानणाऱ्या पेशी निपजू शकतात. त्या मूठभरांचा अभ्यास हा माझ्या पीएचडीचा विषय. पोस्टरच्या मधोमध त्यांचे मोठे, लाल-हिरवे छायाचित्र होते, आणि प्रत्येकाची नजर तिथेच जात होती.

आपण मात्र वाकून डाव्या कोपऱ्यातल्या लहानशा आलेखावर बोट ठेवलेत. औषध न दिलेल्या पेशींच्या वाढीचा, म्हणजे कंट्रोलचा, तो आलेख. असावा लागतो म्हणून लावलेला, सबंध पोस्टरवरचा सर्वांत कंटाळवाणा. “ही सेल लाइन इतक्या वेगाने, एका दिवसात, दुप्पट होत नाही,” आपण म्हणालात. (सेल लाइन म्हणजे एकाच नमुन्यापासून प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेलेल्या पेशी.) मग पॅसेज नंबर, म्हणजे पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा, विचारलात, कोणत्या व्हायलपासून, म्हणजे गोठवलेल्या पेशींच्या कुपीपासून, सुरुवात केली ते विचारलेत, आणि शेवटी, सेल लाइनची ओळख पटवणारी एसटीआर चाचणी केव्हा केली होती, हे विचारलेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी दिली. तिसऱ्याचे उत्तर असे होते की ती माझ्या काळात कधी झालीच नव्हती; वरिष्ठांनी दिलेल्या व्हायलवर पेनने लिहिलेले नाव होते, आणि मी त्या नावावर विश्वास ठेवला होता.

माझा चेहरा पडलेला पाहून आपण जे सांगितलेत, ते मी पुढे अनेकांना सांगितले आहे. हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगाच्या रुग्ण महिलेच्या गाठीतून १९५१ साली वाढवलेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की चुकून दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेल्या, तर मूळच्या पेशींना मागे सारून सगळा फ्लास्क व्यापू शकतात. जनुकशास्त्रज्ञ स्टॅनली गार्टलर यांनी १९६६ साली एका परिषदेतच दाखवून दिले की वेगवेगळ्या म्हणून वापरात असलेल्या अठरा सेल लाइन एका विकराच्या प्रकारावरून हेलाच ठरत होत्या. एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन तर वर्षानुवर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली, आणि अखेर ती एम१४ या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, सेल लाइनशी जुळली. “तेव्हा तुम्ही एकट्या नाही आहात,” असे म्हणून आपण हसलात. त्या हसण्यात धीर होता. सूट मात्र नव्हती, कारण लगेच आपण मला चाचणीसाठी काय काय पाठवायचे ते वहीत लिहून घ्यायला लावलेत.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नमुने पाठवले. संदर्भ नोंदीशी ऐंशी टक्के किंवा अधिक जुळणी झाली तर सेल लाइन तीच मानण्याचा प्रघात आहे. आमची त्याच्या आसपासही नव्हती. तिच्यात दुसरी सेल लाइन मिसळली होती. सात महिन्यांचे काम बाजूला ठेवावे लागले, आणि ते दिवस सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. सुदैवाने द्रव नायट्रोजनमध्ये एक जुनी व्हायल शिल्लक होती, ती चाचणीत अस्सल ठरली, आणि तिच्यापासून सगळे प्रयोग पुन्हा केले. तग धरणाऱ्या पेशी याही वेळी दिसल्या, पण पहिल्यापेक्षा निम्म्याहून कमी. आता माझा आलेखही निमूटपणे दोन दिवसांत दुप्पट होतो.

माझ्या पीएचडीची सुरुवात २०२० मधली. त्या वर्षी या क्षेत्रातल्या मोठमोठ्या परिषदा पडद्यावरच भरल्या होत्या. माझे पहिले पोस्टरही पीडीएफ होऊन संकेतस्थळावर गेले, आणि त्याखालची प्रतिक्रियांची चौकट शेवटपर्यंत रिकामी राहिली. घरबसल्या जगभरची व्याख्याने ऐकता आली, हा त्या व्यवस्थेचा उपकार मी नाकारत नाही. परंतु “तुमच्या पेशीच चुकीच्या आहेत” हे वाक्य एखाद्या नवख्या विद्यार्थिनीला सगळ्यांच्या देखत लिहून कळवणे कोणत्याही सभ्य माणसाला जड जाईल, आणि बहुधा तो ते लिहिणारच नाही. आपण ते हळू आवाजात सांगितलेत. मध्येच दुसरे कोणी पोस्टर पाहायला आले, तेव्हा आपण दोन पावले मागे सरून शेजारचा फलक वाचत राहिलात, ते गेल्यावर परत आलात आणि अर्धवट राहिलेला प्रश्न पूर्ण केलात. मला झाकून घेण्यासाठी आपण तसे केलेत, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

आमचा शोधनिबंध आता पाठवण्याच्या बेतात आहे. ऋणनिर्देशात कोणाचे नाव घालायचे तर त्यांची लेखी संमती घ्यावी, असा त्या नियतकालिकाचा नियम असल्याने तूर्त तिथे “परिषदेत भेटलेल्या एका ज्येष्ठ संशोधिकेचे” एवढेच लिहिले आहे. हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचले, तर कृपया आपले नाव कळवावे. मुद्रिते तपासायला येतील तोपर्यंत ती ओळ बदलता येईल.

आपली कृतज्ञ,
डाव्या कोपऱ्यातल्या आलेखाची विद्यार्थिनी